बाबा संपाबद्दल बोलतच नाहीत, कसं विचारू?

बदलापूरकर_७९
माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. १९६८ ला कणकवलीकडून मुंबईत आले, लालबागला गावच्या मंडळाच्या खोलीत राहिले, आधी बदली कामगार मग कायम असे एका कापड गिरणीत साच्यावर (मागावर) होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांचा. नंतर आई मला आणि ताईला घेऊन गावी गेली, बाबा मुंबईतच थांबले आणि गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, एवढंच मला माहितीये. परवा कपाट आवरताना त्यांचा पितळी बिल्ला सापडला, नंबर घासून अर्धा गेलाय. मी विचारलं तर म्हणाले "त्याच्यात काय सांगूचा?" आणि बिल्ला खिशात टाकला, तो अजून त्यांच्याच खिशात आहे. आता त्यांना विसरायला पण होतंय. मला ते सगळं त्यांच्या तोंडून ऐकायचंय, कोणी घरच्यांकडून असं काढून घेतलंय का? प्लीज सांगा.

काळाचौकी_गल्ली
आधी मी केलेली चूक सांगते. मला वाटलं जागा बघितली की बोलतील, म्हणून पप्पांना करी रोडला उतरवून त्यांच्या गिरणीच्या जागेवर नेलं. तिथे आता टॉवर आहे, गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं कोणाकडे जायचंय. पप्पा काही न बोलता मागे वळले, घरी येईपर्यंत एक शब्द नाही आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. तुम्ही नका नेऊ.

साचेवाल्याचा_नातू
संपाबद्दल विचारूच नका. अडीच लाख माणसं त्यात होती, तो संप रीतसर मागे घेतला असं कधी कोणी जाहीर केलंच नाही, म्हणजे ह्या लोकांसाठी तो संपलेलाच नाही हो, त्याच्यावर ते एका वाक्यात काय बोलणार? कामाबद्दल विचारा. किती साचे सांभाळायचे, डबा कुठून यायचा, रातपाळी सुटल्यावर झोपायला जागा कशी मिळायची (एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची). आणि मेन म्हणजे साचेखात्यात धडधड एवढी की बाजूच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, लोक हातवाऱ्यांनी आणि ओठ बघून बोलायचे. त्या खुणा विचारा. माझे आजोबा शेवटपर्यंत पाणी पाहिजे असलं की अंगठ्याने खूण करायचे, आम्हाला वाटायचं सवय आहे, ती गिरणीतली खूण होती हे ते गेल्यावर कळलं.

माईची_लेक
आणि आईला विचारलं का? बाबांच्या गप्प बसण्याची सगळ्यांना काळजी, पण संपात घर चालवलं बायांनी. माझ्या आईने डोरलं विकलं, पापड लाटले, चार जणांची खानावळ चालवली, आणि तिला आजवर कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. मी विचारलं तर सलग दोन तास बोलली, मला फक्त फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवायचं होतं. आई गावी राहिली ती वर्षं कशी काढली हे बाबांसमोरच विचारा, ते चुकलेलं दुरुस्त करायला मधे बोलतीलच.

बदलापूरकर_७९
सगळ्यांचे खूप आभार. रविवारी आईला ओट्याजवळ बसूनच विचारलं, गावी पैसे कसे यायचे. ती म्हणाली मनीऑर्डर यायची, मग ती पण बंद झाली. बाबा बाहेरून ओरडले "बंद नाय झाली, दोन महिने नाय इली." (मोठ्यानेच बोलतात, आणि आम्ही इतकी वर्षं टीव्हीच्या आवाजावरून त्यांना बोलत राहिलो.) मग मी संप सोडून विचारलं की साच्यावर दोरा तुटला की काय करायचे. ते उठले, आईच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला, दाताने तोडला आणि दोन्ही टोकं बोटांत धरून गाठ मारली, मला दिसलीच नाही कधी मारली ते. हात थरथरतात हो त्यांचे, चहाचा कप सांडतो. गाठ मारताना अजिबात थरथरले नाहीत. मी परत दाखवा म्हटलं, सात-आठ वेळा दाखवली, मला अजून जमलेली नाही. आज संध्याकाळी परत बसणार आहोत, दोऱ्याचं नवीन रीळ आणलंय.