हाय तात्रा डोंगररांग, स्लोव्हाकिया : मे महिन्यात आई-बाबांना घेऊन रिसी शिखर जमेल का?

साताराहून_ब्रातिस्लाव्हा | ९ मार्च

नमस्कार मंडळी. जानेवारीत नोकरीसाठी ब्रातिस्लाव्हाला आलो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा साताऱ्याहून तीन आठवड्यांसाठी येतायत. बाबा ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दर रविवारी अजिंक्यतारा चढून येतात, गेल्या डिसेंबरात कळसूबाई केलं. आईला चालायची हौस आहे, पण उतारावर तिचा उजवा गुडघा दुखतो.

बाबांनी कुठेतरी रिसी शिखराचा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नाही. त्यांचं गणित असं : कळसूबाई १,६४६ मीटर, रिसी २,५०० च्या आसपास, म्हणजे दीडपट. सकाळी लवकर निघालो तर होईल. मलाही नकाशावर वाट लाल रंगात ठळक दिसतेय, वर शिखराच्या खाली राहायची सोय असलेलं घरही दिसतंय.

माझ्याकडे चार दिवस आहेत. मुक्काम कुठे करावा, आईला काय दाखवावं, बाबांना रिसी झेपेल का, एवढं सांगा. आई शाकाहारी आहे. केकमधलं अंडं चालतं, ताटातलं नाही.

---

रानवाटा_८४ | ९ मार्च

बिनधास्त जा. मी ऑगस्टमध्ये केलंय. वरच्या टप्प्यात साखळ्या आणि लोखंडी पायऱ्या आहेत, धरून चढायचं. अलंग-मदन किल्ले केलेल्या माणसाला काहीच नाही. बाबा नियमित चढत असतील तर नक्की होईल.

---

जुन्नरचा_शिवनेरीकर | १० मार्च

रानवाटा, तुमचं ऑगस्टचं म्हणणं खरं आहे. पण प्रश्न मेचा आहे आणि मेमध्ये रिसीची वाट बंद असते. "अवघड" नाही, कायद्याने बंद. स्लोव्हाकियाच्या बाजूला तात्रा राष्ट्रीय उद्यानात १ नोव्हेंबरपासून निदान मे अखेरपर्यंत वरच्या सगळ्या वाटा बंद ठेवतात, काही तर जूनमध्येही उघडत नाहीत. साधारण नियम असा की डोंगरातल्या खातापर्यंत जाता येतं, त्याच्या वर नाही. (खाता म्हणजे राहायची-जेवायची सोय असलेलं डोंगरातलं घर. हा शब्द इथे रोज लागेल.) तुम्ही नकाशावर पाहिलेलं रिसीखालचं खाता २,२५० मीटरवर आहे, तात्रातलं सगळ्यात उंच, आणि ते फक्त उन्हाळ्यात चालू असतं.

मी सहा वर्षं नित्रात आहे, तिथल्या गाडीच्या कारखान्यात काम करतो. आमच्यातले बरेच जण पुणे-चिंचवडहून आलेले, आणि आल्या आल्या प्रत्येकजण तुमच्या बाबांचंच गणित मांडतो. मीही मांडलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सह्याद्रीत उंचीचा आकडा पाहून आपण दमाचा अंदाज बांधतो. इथे तो आकडा फसवतो. तात्रा ४९ अंश उत्तरेला आहेत. १,५०० मीटरच्या आसपास मोठी झाडं संपतात, मग कमरेएवढी खुरटी पाइनची जाळी लागते आणि त्याच्यावर नुसता ग्रॅनाइट. उत्तरेकडच्या नाळांमध्ये, म्हणजे अरुंद उभ्या घळींमध्ये, जुलैपर्यंत बर्फ राहतो. पहिल्या वर्षी मी वाट उघडल्यावर, म्हणजे नियमाने, जूनच्या शेवटच्या शनिवारी रिसीला निघालो. पायात तेच बूट, ज्यांनी मी नाणेघाट आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली होती. झाब्ये प्लेसो ही तळी मागे टाकली आणि साखळ्यांच्या खालची नाळ बर्फाने गच्च भरलेली. सकाळी आठचा बर्फ, काचेसारखा. दहा-बारा पावलं गेलो आणि उजवा पाय सुटला. तीन-चार मीटर घसरून एका दगडाला अडकलो. कोपर सोललं, बाकी काही नाही. पण त्या दगडाच्या खाली नाळ सरळ उतरत होती, पुढे अडवायला दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे घसाऱ्यावर घसरलं तर मातीत नखं रोवता येतात, कारवीची काठी हाताला येते. इथे हाताला काही लागत नाही. मी तिथूनच मागे फिरलो. माझ्या पुढे चार लोक पायाला काटे आणि हातात बर्फाची कुऱ्हाड घेऊन शांतपणे वर गेले. त्यांना ते साधन वापरता येत होतं, मला नव्हतं.

आता नकाशातला लाल रंग. इथे लाल म्हणजे अवघड नाही आणि हिरवा म्हणजे सोपा नाही. लाल ही लांब पल्ल्याची मुख्य वाट, निळी दुसऱ्या क्रमांकाची, हिरवी स्थानिक, पिवळी जोडवाट. अवघडपणाशी रंगाचा संबंध नाही. पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि ती न थांबता चालण्याची. आईसाठी ती दीडपट धरा.

मेमध्ये काय करायचं ते सांगतो, कारण मे वाया जाणारा महिना मुळीच नाही. मुक्काम स्तारी स्मोकोवेत्सला करा. ब्रातिस्लाव्हाहून रेल्वेने पोप्राद, साधारण चार तास, आणि तिथून डोंगराच्या पायथ्याने धावणारी छोटी विजेची गाडी. गाडी चालवायची गरजच नाही. गावातून ह्रेबिएनोकला, १,२८५ मीटर, दोरावर ओढली जाणारी रेल्वे जाते. वरून वीस-पंचवीस मिनिटांत स्तुदेनी पोतोकचे धबधबे. नावाचा अर्थच थंड ओढा. मेमध्ये वरचा बर्फ वितळत असतो तेव्हा हे धबधबे जसे भरून कोसळतात तसे ऑगस्टमध्ये कोसळत नाहीत. जवळच १८६० च्या दशकात बांधलेलं राइनरचं खाता आहे, तात्रातलं सगळ्यात जुनं. दगडी, बुटकं, एका खोलीचं. आईला हे सगळं सहज जमेल.

दुसऱ्या दिवशी श्तर्ब्स्के प्लेसो. प्लेसो म्हणजे डोंगरातलं तळं. हिमनद्यांनी कोरून किंवा बांध घालून ठेवलेली अशी शंभराच्या वर तळी तात्रात आहेत. हे १,३४६ मीटरवर, काठाने सपाट रस्ता, बाकं, आणि समोर शिखरांची रांग. आईला तिथे बसवा आणि बाबांना घेऊन पोप्रादस्के प्लेसोला जा. १,४९४ मीटर, सव्वा तासाची चाल, तळ्याकाठी खाता. मेमध्ये तळ्यावर अजून बर्फ असू शकतो. तिथून वर रिसीकडे जाणाऱ्या वाटेवर बंदची पाटी दिसेल. बाबांना ती त्यांच्या डोळ्यांनी वाचू द्या.

लोम्नित्स्की श्तीतला, २,६३४ मीटर, केबलकारने थेट शिखरावर जाता येतं. पण मे हा देखभालीचा काळ, बंद असू शकते. आधी पाहून घ्या, नाहीतर त्यावर दिवस अडवू नका.

आणि विमा. स्लोव्हाकियात डोंगरातून सोडवून आणायचा खर्च ज्याला सोडवलं त्याच्याकडून घेतात. व्हिसासाठी काढलेल्या विम्यात तो धरलेला असतोच असं नाही. बचाव पथकाचा क्रमांक १८३००, फोनमध्ये आजच घालून ठेवा.

---

क्राकोवची_मीनल | १० मार्च

शिवनेरीकरांशी सहमत. मी पलीकडच्या बाजूला, पोलंडमध्ये राहते. रिसी सीमेवरच आहे. आमच्याकडचं टोक २,४९९ मीटर, पोलंडचं सर्वोच्च. त्याहून थोडं उंच टोक स्लोव्हाकियात. पोलंडच्या बाजूने अशी मोसमी बंदी नाही, पण म्हणून इकडून प्रयत्न करू नका. बर्फात ही वाट गिर्यारोहकांची आहे, चालणाऱ्यांची नाही.

चौथा दिवस मोकळा असेल तर आमच्या बाजूचं, पोलंडमधलं मोर्स्किए ओको तळं बघा. गाडीतळापासून आठ-नऊ किलोमीटर डांबरी रस्ता, चढ हळूहळू, गुडघ्याला त्रास नाही. मात्र जाऊन-येऊन अंतर बरंच होतं, काकूंचा दम बघून ठरवा. तळ्याच्या काठावरून वर बघितलं की रिसी कुठे आहे ते काकांना दाखवता येईल.

खाण्याचं : स्लोव्हाक खातांमध्ये "पारेने बुख्ती" मागा. वाफवलेला मऊ गोळा, आत आलुबुखाराचा मुरंबा, वर खसखस आणि लोणी. माझ्या सासूबाई पहिल्या घासाला म्हणाल्या, उकडीचं सारण बदललंय फक्त. ब्रिन्झोवे हालुश्की हे किसलेला बटाटा आणि पीठ यांचे छोटे गोळे, मेंढीच्या चीजमध्ये. वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, म्हणून "बेझ स्लानिनी" असं आधी स्पष्ट सांगा. कोबीच्या सूपात, कापुस्नित्सात, बहुतेक वेळा सॉसेज असतं, ते टाळा. ठेपले-चटणी सॅकमध्ये असू द्याच.

---

रानवाटा_८४ | ११ मार्च

बंदीचं मला माहीत नव्हतं, मी फक्त ऑगस्ट पाहिला. माझा सल्ला मागे घेतो. ऑगस्टला जाणाऱ्यांसाठी एकच भर : दुपारी वादळ येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पोलंडकडच्या गिएवोंट शिखरावर वीज पडून माणसं गेली. तिथेही लोखंडी साखळ्या आहेत, माथ्यावर लोखंडी क्रूस. आम्ही बारा वाजता रिसीवरून उतरायला लागलो होतो आणि दोनला ढग गडगडले, खाली पोचेपर्यंत चिंब.

---

साताराहून_ब्रातिस्लाव्हा | १२ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकिटं स्मोकोवेत्सपर्यंतची काढली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बंद आहे म्हणजे सरकारी कारण असेल, जाणारे जात असतील." आता त्यांना कसं समजावू?

---

जुन्नरचा_शिवनेरीकर | १३ मार्च

बाबांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

पोप्रादस्के प्लेसोच्या जवळ, ओस्त्र्वाच्या कड्याखाली, एक स्मृतिस्थळ आहे. मेमध्ये तिकडची वाटही बंद असते, मी सप्टेंबरात गेलो होतो. लिंबा नावाच्या जुन्या पाइन झाडांमध्ये रंगवलेले लाकडी क्रूस, छोटं पांढरं देऊळ, आणि खडकांवर ठोकलेल्या पाट्या. पाट्यांवर तात्रात गेलेल्यांची नावं : गिर्यारोहक, वाटाडे, बचाव पथकातली माणसं. तिथे लिहिलंय, "मृतांच्या स्मरणार्थ, जिवंतांना इशारा म्हणून." मी तिथे अर्धा तास वाचत बसलो. बऱ्याच पाट्या माझ्या वयाच्या आणि माझ्याहून तयारीच्या लोकांच्या होत्या. जूनमधला माझा दगड मला तिथे आठवला. काका, तिथली बंदी ही त्या पाट्या वाढू नयेत म्हणून आहे.

दुसरं. तिथली माणसं शिखरावर प्रेम कसं करतात ते तुम्हाला खिशातच सापडेल. स्लोव्हाकियाचं एक, दोन किंवा पाच सेंटचं नाणं घ्या. त्यावर कोरलेला वाकडा माथा म्हणजे क्रिवान, २,४९४ मीटर. श्तर्ब्स्के प्लेसोच्या पश्चिमेला आहे. सगळ्यात उंच गेर्लाख आहे, २,६५५ मीटर, सबंध कार्पेथियन रांगेत उंच. पण नाण्यावर मान क्रिवानचा. आपल्याकडे कळसूबाई उंच असली तरी मनात राजगड असतो, तसं.

तिसरं, आणि हे खरं सांगायचं होतं. त्याच सप्टेंबरात मी रिसी पूर्ण केलं. पोप्रादस्के प्लेसोच्या वर, वाट फुटते तिथे, खातासाठी न्यायचं सामान ठेवलेलं असतं : सरपण, पाण्याच्या बाटल्या, असं काहीबाही. वर गाडी नाही, सगळं माणसाच्या पाठीवरून जातं. हमाल लाकडी चौकटीवर साठ-सत्तर किलो नेतात. येणाऱ्या-जाणाऱ्यानेही जमेल तेवढं उचलायचं. मी पाच किलो सरपण सॅकला बांधलं. साखळ्यांच्या टप्प्यावर ते ओझं प्रत्येक पावलाला मागे ओढत होतं. वर पोचल्यावर खातातल्या माणसाने ते उतरवून घेतलं आणि न विचारता चहाचा मग पुढे केला. ओझं नेणाऱ्याला चहा, हा तिथला रिवाज. त्या कोरड्या, बर्फ नसलेल्या नाळेतून खाली बघताना मला माझा दगड ओळखू आला.

काका, सप्टेंबरात या. मी सुट्टी टाकून बरोबर येतो.

---

साताराहून_ब्रातिस्लाव्हा | २ जून

जाऊन आलो, म्हणून लिहितोय.

ह्रेबिएनोकच्या धबधब्याखाली आईने पाऊण तास घालवला. तुषारांनी शाल भिजली तरी उठेना. ठोसेघर आठवलं म्हणाली, फक्त पाणी हाताला चावतंय. राइनरच्या खाताजवळ वरच्या वाटेकडे निघालेला एक हमाल दिसला. डोक्याच्याही वर गेलेली खोकी, पीठ, पाण्याची पिंपं. बाबांनी मला विचारायला लावलं. बासष्ट किलो. बाबांनी त्याला वाकून नमस्कार केला, तोही थांबून हसला.

पोप्रादस्के प्लेसोचा अर्धा भाग अजून पांढरा होता आणि अर्धा काळा-हिरवा. बंदची पाटी बाबांनी अक्षर अक्षर लावत वाचली, मग मागच्या नाळेकडे बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यात पलीकडच्या कड्यावरून बर्फाचा एक लोट सुटला. लहानच होता, पण आवाज छातीत जाणवला. परतीच्या वाटेवर रिसीचं नाव त्यांनी काढलं नाही. आईला बुख्ती इतक्या आवडल्या की दोन दिवस तेच जेवली. केबलकार बंद होती. मोर्स्किए ओकोला पावसामुळे गेलोच नाही.

आई-बाबा परवा साताऱ्याला पोचले. बाबांनी पाच सेंटची तीन नाणी नेलीत. शिवनेरीकर, आज सकाळी त्यांचा फोन होता, तुम्हाला विचारायला सांगितलंय : ते सरपणाचं ओझं उचलायला वयाची अट आहे का? सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घालून ते कालपासून अजिंक्यतारा चढायला लागलेत.