जेपर्डी: बक्षीस ज्ञानाला की अंगठ्याला?

सईची_आई (एडिसन, न्यू जर्सी):
आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता 'जेपर्डी!' लागतं. १९६४ पासूनचा अमेरिकी कार्यक्रम. पाटीवर उत्तर येतं आणि स्पर्धकाने 'अमुक म्हणजे कोण?' असा प्रश्न करून ते ओळखायचं. तिघांपैकी एकच बोलतो, तेव्हा बाकीच्या दोघांना येत नसणार असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. तसं नसतं! सूत्रसंचालकाने शेवटचा शब्द उच्चारला की एक कर्मचारी हाताने कळ दाबतो, पाटीच्या कडेचे दिवे लागतात आणि मगच स्पर्धकांच्या हातातले बझर, म्हणजे आधी दाबेल त्याला बोलायची संधी देणारी बटणं, चालू होतात. त्याआधी दाबलं की तुमचा बझर पाव सेकंद बंद. तेवढ्यात दुसरा घुसतो. १९८४ मध्ये अ‍ॅलेक्स ट्रेबेक सूत्रसंचालक म्हणून आले, त्या पहिल्या हंगामात वाचन चालू असतानाच दाबता यायचं. १९८५ पासून ते बंद झालं. ज्याला आधी आलं त्यालाच शिक्षा? मला हे पटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
मला मात्र पटतं. मी शाळेत वीस वर्षं प्रश्नमंजुषा घेतल्या. मध्येच दाबायची मुभा दिली की मुलं अर्ध्या वाक्यावर अंदाज ठोकतात आणि मागच्या बाकांवरच्यांना प्रश्न काय होता तेच कळत नाही. जेपर्डीवाल्यांनीही नियम बदलला तो घरी बसून खेळणाऱ्यांसाठी. प्रश्न पूर्ण ऐकणं हाही ज्ञानाचाच भाग आहे.

निळावंती:
सईची आई, तुमच्या बाजूने एक पुरावा देते. २०११ मध्ये आयबीएमचा वॉटसन संगणक केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांशी खेळला. वॉटसनला ७७,१४७ डॉलर, जेनिंग्जना २४,००० आणि रटरना २१,६००. प्रश्न त्याला मजकुराच्या रूपात मिळायचा आणि बझर चालू झाल्याचा इशारा थेट विजेच्या संकेताने. माणसाने दिवा बघायचा, मग अंगठा हलवायचा. कितीतरी उत्तरं त्या दोघांनाही येत होती, त्यांचे अंगठे चाललेले दिसत होते. हरले ते वेगात.

कृष्णाकाठ:
पण त्याच वॉटसनने अमेरिकेतल्या शहरांच्या गटात 'टोरांटो' सांगितलं! बझरने फक्त बोलायची संधी मिळते, बोलायचं काय ते डोक्यातूनच यावं लागतं. २०१९ मध्ये जेम्स होल्झहाउअरने ३२ डाव जिंकले. त्याची तयारी माहीत आहे? वाचनालयातली लहान मुलांची सचित्र पुस्तकं. ज्या विषयांत गोडी नाही ते विषय त्याने तिथून पक्के केले. नुसत्या अंगठ्याने एका डावात १,३१,१२७ डॉलर मिळत नाहीत.

दगडूशेठ_गल्ली:
दोघेही एक मोठी गोष्ट सोडताय. जेपर्डीचे एका दिवसात पाच भाग चित्रित होतात आणि जिंकणारा पुढच्या भागातही खेळतो. विजेता आत जाऊन कपडे बदलून येतो, कारण प्रेक्षकांसाठी तो 'दुसरा दिवस' असतो. नवे स्पर्धक तोवर स्टुडिओत प्रेक्षकांत बसलेले, आपलं नाव कधी निघेल या धाकधुकीत. त्यांना सकाळी थोडा सराव मिळतो; विजेत्याचा अंगठा मात्र खऱ्या डावांत बसलेला असतो. २००३ पर्यंत पाच विजयांनंतर घरी पाठवायचे, म्हणून हा फरक झाकला जायचा. ती मर्यादा उठली आणि २००४ मध्ये जेनिंग्ज ७४ डाव जिंकले. त्यानंतर नव्यांचा सराव वाढवला आणि कळ दाबणारा माणूसही बदलला! त्या माणसाची लय ठरलेली होती आणि जुन्या खेळाडूला त्याचा फायदा होत होता, हे जेनिंग्जनी स्वतःच लिहिलंय. माझा आक्षेप असलाच तर या लयीवर आहे, पाव सेकंदावर नाही.

वऱ्हाडी_माणूस:
मग आपलं केबीसी बरं. बोटांची शर्यत हॉट सीटवर येईपर्यंत, पुढे मोठ्या रकमांच्या प्रश्नांना घड्याळ नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिताताई ताडे २०१९ मध्ये शांतपणे विचार करून एक कोटीपर्यंत गेल्या. जेपर्डीच्या बझरपाशी त्यांचं काय झालं असतं?

सईची_आई:
वऱ्हाडी दादा, माझ्या मनातलं बोललात.
पण कृष्णाकाठ सर, तुमच्यामुळे काल जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. माझ्या सासूबाईंचं इंग्रजी सावकाश चालतं. त्या पाटीवरचं शेवटपर्यंत वाचतात आणि इतिहासाचं हमखास आमच्या आधी सांगतात. मध्येच दाबायची सोय असती तर त्यांचं वाचून व्हायच्या आत उत्तर येऊन गेलं असतं. तेवढ्यापुरता १९८५ चा नियम मला मान्य. विजेत्याच्या सरावाचं काय, ते मात्र सांगा.

कृष्णाकाठ:
तिथे मी तुमच्याच बाजूचा आहे. नव्यांना विजेत्याइतका सराव द्या, अर्धा दिवस लागला तरी चालेल. पाव सेकंद तेवढा राहू द्या. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.