बायबलमधल्या वंशावळींतल्या नावांचे अर्थ: कुठून सुरुवात करू?

वसईची_लेक
नमस्कार मंडळी. दरवर्षी १७ डिसेंबरच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ वाचतात. 'अब्राहामाला इसहाक झाला' सुरू झालं की चौथ्या-पाचव्या नावालाच बाकांवर चुळबुळ होते. यंदा प्रार्थनागटात त्याच उताऱ्यावर बोलायचं माझ्याकडे आलंय. व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: आदामापासून नोहापर्यंतच्या दहा नावांचे हिब्रू अर्थ ओळीने वाचले की तारणाचा सगळा निरोप एका वाक्यात मिळतो. वाचून अंगावर काटा आला. पण गटासमोर मांडण्याआधी खात्री हवी आणि हिब्रू मला येत नाही. कुठे बघू?

पानोपानी
ताई, तो संदेश वापरू नका. अनोश म्हणजे मर्त्य माणूस, महललेल म्हणजे देवाची स्तुती, यारेदच्या मुळाशी 'उतरणे', इथवर ठीक. पण केनानचा 'शोक' हा विलापगीताच्या 'कीना' शब्दावरून ओढूनताणून आणलाय, आणि लामेखचा अर्थ तर अभ्यासकांनाही नक्की सांगता येत नाही. वाक्य जुळावं म्हणून सोयीचे अर्थ निवडलेत. वचनाला असल्या टेकूची गरज नाही.

जिथे बायबल स्वतःच नाव उलगडतं तिथे थांबा. बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्तीतलं २९:३२-३५ वाचाच. नवऱ्याचं, म्हणजे याकोबाचं, प्रेम नसलेली लेआ मुलांची नावं ठेवते. रऊबेन: 'पाहा, मुलगा', देवाने माझं दुःख पाहिलं, आता तरी नवरा प्रेम करील. शिमोन: देवाने ऐकलं. लेवी: आता तरी नवरा मला जडून राहील. तीन बाळंतपणं, आणि जीव नवऱ्यातच अडकलेला. चौथ्या वेळी ती नवऱ्याचं नावच काढत नाही. 'आता मी परमेश्वराचं स्तवन करीन' म्हणते आणि मुलगा होतो यहूदा. मत्तयाची वंशावळ याच यहूदावरून पुढे जाते. ही चार वचनं मी कितीदा वाचली असतील, दर वेळी गळा दाटून येतो.

शब्द तपासायला ब्लू लेटर बायबल हे संकेतस्थळ फुकट आहे. वचन उघडून शब्दावर टिचकी मारली की स्ट्राँगचा क्रमांक (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला शब्दकोशात दिलेला क्रमांक) आणि हिब्रू मूळ दिसतं. फक्त एकाखाली दहा अर्थ दिसले तर आपल्याला आवडलेला उचलू नका.

रेवदंड्याचा
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. तोरा म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं. तोरावाचनाला बोलावताना आमच्यात 'अमक्याचा मुलगा तमका' असंच पुकारतात, त्यामुळे या याद्या मला कधी कोरड्या वाटल्या नाहीत. एक भर घालतो. तोरातली नावं बरेचदा व्युत्पत्तीवर नाही, कानावर चालतात. नोहाचं मूळ 'विसावा', पण उत्पत्ती ५:२९ मध्ये बाप म्हणतो 'हा आमचं सांत्वन करील', आणि तो हिब्रू शब्द वेगळा, फक्त आवाजाने जवळचा. म्हणून हिब्रू मोठ्याने ऐका, ध्वनिफिती सहज मिळतात. तुमचा मत्तयही तसाच कान ठेवून लिहितो. तो चौदा-चौदा पिढ्या मोजतो, आणि हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, त्या हिशेबाने दावीदच्या अक्षरांची बेरीज ४+६+४, म्हणजे चौदाच.

वसईची_लेक
दोघांचेही मनापासून आभार. संदेश बाजूला ठेवला. रात्री उत्पत्ती ३८ वाचलं. तामारेच्या जुळ्यांपैकी एकाचा हात आधी बाहेर आला, सुइणीने त्यावर किरमिजी दोरा बांधला, हात आत गेला आणि दुसराच वाट फोडून आला, म्हणून तो पेरेस. इतकी वर्षं हे नाव ऐकतेय आणि तो दोरा मला माहीतच नव्हता! पेरेसपासूनच सुरुवात करते. एक विचारू? तामार, राहाब, रूथ यांची नावं आहेत, मग पुढे दावीद राजाची बायको झालेल्या बथशेबाला मत्तय 'उरीयाची बायको' एवढंच का म्हणतो?

पानोपानी
ताई, २ शमुवेल ११ आणि १२ सलग वाचा. माझ्या मते दावीदाने ज्याला मारवलं त्याचं नाव मत्तयाला पुसू द्यायचं नव्हतं. उरीया हित्ती, म्हणजे परक्या वंशाचा होता, तरी नावाचा अर्थ 'परमेश्वर माझा प्रकाश'. गटात ते नाव जरा सावकाश वाचा.