सागावरची अळी: फवारायचं की सोसायचं?

बांधावरचा साग:
मृगाच्या सरी पडल्या, साग पालवला आणि आठ दिवसांत बांधावरच्या १४० झाडांच्या नुसत्या शिरा उरल्या. रात्री झाडाखाली उभं राहिलं की पाऊस भुरभुरल्यासारखा आवाज येतो. त्या अळ्यांच्या लेंड्या! शेजारचं रोपवन म्हणजे डोंगरभर एकच झाड, अळीला आयतं ताट. माझं मत स्पष्ट आहे, कोवळी पालवी फुटताच सगळ्या रोपवनावर औषध मारा.

पाखरवेडी:
साफ विरोध. या अळीने साग मरत नाही, पुन्हा पालवतो. औषधाने अळीत अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्याही मरतात. ऐन पावसाळ्यात पक्षी पिल्लांना याच अळ्या भरवतात, त्यांनी काय खायचं? जावात तर लोक या अळीचे कोष गोळा करून खातात.

बांधावरचा साग:
मरत नाही, पण वाढतही नाही, ताई. केरळ वन संशोधन संस्थेच्या के. एस. एस. नायर यांनी निलांबूरच्या कोवळ्या लागवडीत अळीपासून राखलेली आणि न राखलेली झाडं मोजली. लाकडाच्या संभाव्य वाढीतली ४४ टक्के वाढ अळीने बुडवली होती. पोरीच्या शिक्षणासाठी लावलेलं झाड आहे हो ते.

रोपवाटिकावाला:
दादा, आधी अळी ओळखा. पावसाच्या तोंडाला कोवळं पान फस्त करते ती हिब्लिया. पावसाळा सरताना जून पानाची जाळी करते ती वेगळी. त्याच अभ्यासात जाळीवालीने वाढीचं म्हणावं असं नुकसान केलेलं दिसलं नाही. तिच्यावर पैसा घालवू नका.
हिब्लियाची मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते, अळी दोनेक आठवड्यांत कोषात जाते. संपूर्ण डोंगर फवारेपर्यंत ती जमिनीवरच्या पाल्यात उतरलेली असते. केरळात मोठ्या लाटेआधी छोटे पट्टे खाल्लेले दिसले होते. तेवढेच गाठायचे, तेही विषाणूने. तो हिब्लियालाच मारतो आणि मेलेल्या अळीतून पुढच्या अळ्यांत पसरतो.

बांधावरचा साग:
पटतंय. पण तालुक्याच्या दुकानात विचारलं, तर तिथे कुणी या विषाणूचं नावही ऐकलेलं नव्हतं. मिळेपर्यंत मी हात बांधून बसू?

पाखरवेडी:
बसू नका. जूनमध्ये पहिले पट्टे शोधायला मी येते, रोपवनही पालथं घालू. बांधावरच्या लहान झाडांवरच्या अळ्या हाताने वेचू. रोपवनावरच्या सरसकट फवारणीला मात्र माझा विरोध कायम आहे.