थंडीत एकट्याने चालताना : तुमचा एक दिवस सांगा

काल माळा आवरताना जुन्या सॅकच्या वरच्या कप्प्यात लोकरीचा एक हातमोजा सापडला. डावा. उजवा स्कॉटलंडमधल्या रॅनक मूर या ओसाड माळावर कुठेतरी पडलाय त्याला सात वर्षं झाली. तो हातात घेऊन शिडीवरच बसून राहिले बराच वेळ, म्हणून लिहितेय.

स्कॉटलंडची वेस्ट हायलँड वे ही लांब पायवाट, १५४ किमी, मलगाय ते फोर्ट विल्यम. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता आणि त्या दिवशी ब्रिज ऑफ ऑर्कीहून किंग्सहाऊस गाठायचं होतं. १९-२० किमी, वाट म्हणजे जुना दगडी रस्ता, चुकायची भीती नाही, म्हणून मी निवांत निघाले. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, हे सगळं पाठ होतं पण अंगात मुरलेलं नव्हतं.

वाटेतलं इन्व्हेरोरन मागे पडलं की पुढे बसायला आडोसा जवळजवळ नाहीच. दलदल, डबकी, दगड आणि वारा. पाऊस बर्फाच्या जरा अलीकडचा, दोन-तीन डिग्रीतला, तो सगळ्यात वाईट कारण बर्फ झटकता तरी येतो. चढावर मी जॅकेट न काढता चालत राहिले, आतून घामाने भिजले, आणि सपाटी लागल्यावर तोच घाम गार पडायला लागला. बा ब्रिजपाशी चॉकलेटचं पाकीट फोडायला मोजा काढून काखेत धरला आणि वाऱ्याने नेला. समोर जाताना दिसला पण पळावंसं वाटलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी बिघडतंय.

पुढचा तासभर डोक्यात एकच, थांबलं की थंडी वाजते म्हणून थांबायचं नाही, आणि थांबायचं नाही म्हणून खायचं नाही. कंटाळा घालवायला मी चालताना पाढे म्हणते. सतराचा म्हणत होते आणि पंच्याऐंशीच्या पुढे येईचना. परत सुरुवात, परत पंच्याऐंशी. तिसऱ्यांदा अडले तेव्हा खरी घाबरले.

एका मोठ्या दगडाच्या आड सॅक टेकवली, भर वाऱ्यात आतला ओला थर काढून झोपायचा कोरडा घातला (चेन ओढायला दात वापरले), उघड्या हातात झोपायचा पायमोजा चढवला, उरलेलं चॉकलेट सगळं खाल्लं आणि जागच्या जागी उड्या मारल्या. वीसेक मिनिटांनी बेदोत्तर शंभर आपोआप आलं तोंडात. किंग्सहाऊसला पोचले तेव्हा मिट्ट काळोख, हेडटॉर्चच्या उजेडात नदीकाठी हरणं उभी होती, हलली पण नाहीत.

सोबत कुणी असतं तर तासभर आधीच म्हणालं असतं, अगं ओठ बघ तुझे, थांब जरा. एकटं चालताना ते म्हणणारं कुणी नसतं, तेवढंच आपलं आपल्याला म्हणावं लागतं. तुम्ही कसं म्हणता? तुमचा असा एखादा दिवस सांगा.

दगडफूल : वाचताना माझीच बोटं आखडली गं. बेदोत्तर शंभर!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. मी शंभरापासून सात-सात वजा करत जाते. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

उत्तररात्र : मी डॉक्टर आहे, डोंगरात अशा केसेस पाहिल्यात, म्हणून जरा लांबण लावतो. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात, आणि आधी जातो तो शहाणपणा. पेशंट स्वतः सांगतो मी ठीक आहे. बोलणं जड होतं, पाय अडखळतात, हातातून वस्तू पडतात, माणूस चिडतो नाहीतर गप्प होतो. मोजा उडताना दिसूनही पळावंसं वाटलं नाही म्हणालात ना, ती खूणच होती. कुडकुडतोय तोवर शरीर लढतंय. अंग गारच आहे आणि कुडकुडणं थांबलं, तर ते बरं वाटणं नाही, ते जास्त धोक्याचं आहे. आणि दारूने ऊब येत नाही हो, कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन आतली ऊब बाहेर जाते. तुम्ही ओलं काढलंत, कोरडं घातलंत, गोड खाल्लंत, आडोसा धरलात. एकट्या माणसाने याहून वेगळं काही करायचं नसतं.

सावकाश : कामिनो, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी तीर्थयात्रेची पायवाट, फेब्रुवारी. फ्रान्समधल्या सां-जाँ हून पिरेनीज ओलांडायचा वरचा नेपोलियन मार्ग १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंदच असतो, त्यामुळे खालून व्हालकार्लोसवरून. मला आधी वाईट वाटलं होतं, वरचा मार्ग एवढा नावाजलेला. पण रोन्सेसव्हायेसच्या आधी शेवटच्या चढावर गुडघ्यापर्यंत बर्फ लागला आणि समजलं की वरचा का बंद करतात. दिवसभरात माणूस नाही. हिवाळ्यात बरीच मुक्कामाची ठिकाणं बंद, त्यामुळे दमलो म्हणून पुढच्या गावात थांबू असं चालत नाही, पुढचं गावच बंद असतं. मुक्कामावर पोचलो तर तिथल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने काही न विचारता माझे बूट काढून घेतले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तासाने ओले बोळे काढून नवे घातले, असं तीनदा. भाषा एकमेकांची येत नव्हती. मी रडलो तिथे बसून, थकव्याने असेल, पण त्या बोळ्यांनी पण.

निळी छत्री : @सावकाश बोळ्यांचं वाचून माझे पण डोळे भरले

पायवाट : मी सप्टेंबरात स्वीडनच्या कुंग्सलेडेन या लांब पायवाटेवर होतो, अबिस्कोकडून दक्षिणेला. सप्टेंबर म्हणजे उन्हाळाच असं वाटत असेल तर तसं नाही, चेक्चा खिंडीच्या आधी बर्फ सुरू झाला आणि वाट पांढरी झाली. लाल फुल्यांचे खांब मात्र लांबून दिसत होते, मी खुशाल त्यांच्यामागे लागलो. त्या फुल्या हिवाळ्यातल्या स्की-वाटेच्या!! ती वाट गोठलेल्या तळ्यांवरून जाते आणि सप्टेंबरात तळी गोठलेली नसतात. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिल्यावर डोकं ताळ्यावर आलं. चाळीस मिनिटं मागे चाललो, उन्हाळी वाटेच्या खुणेचा शेवटचा दगडांचा ढीग दिसेपर्यंत. तेव्हापासून माझा नियम आहे, शंका आली की पुढे एक पाऊल नाही, आधी खायचं, मग नकाशा.

दगडफूल : आले. माझं फार काही नाही, फक्त सांगायचं होतं की पाणी गाळायचा पोकळ धाग्यांचा फिल्टर असेल तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. एकदा गोठला की आतले धागे फुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि आपण तसंच पाणी पितो. माझ्याबरोबर तेच झालं आणि पुढचे चार दिवस काय झालं ते लिहीत नाही. फोन पण आतच, गारठ्यात तीस टक्क्यांवर बंद पडतो. बाटली उलटी ठेवायची, पाणी वरून गोठतं म्हणून झाकण मोकळं राहतं.

पायवाट : आणि गॅसची डबी! नुसता ब्यूटेन असेल तर शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही, स्टोव्ह फुरफुरतो आणि विझतो. प्रोपेन मिसळलेली घ्यायची.

अबोली_५४ : मी कधीच एकटी चालले नाहीये. मिस्टर गेल्यापासून खूप वाटतंय जावं. गुडघे बरे आहेत. मुलगा म्हणतो ग्रुपबरोबर जा. एकटीने जायचं म्हणजे नक्की कशाची तयारी करायची असते?

उत्तररात्र : @अबोली_५४ ताई, जा. पहिल्यांदा दोन दिवसांचंच करा आणि थंडीत नको. रोज संध्याकाळी अमुक वेळेपर्यंत मेसेज आला नाही तर कुणाला फोन करायचा हे मुलाला लिहून द्या. त्याची काळजी त्याने अर्धी कमी होईल.

निळी छत्री : आणि अबोलीताई, पहिल्या दिवशी सारखं वाटतं की मागून कुणीतरी येतंय. चौथ्या दिवशी जातं ते. माझं तरी गेलं. मी पण एकटं राहायला लागल्यावरच सुरुवात केली होती, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सावकाश : मुलाला सांगा की ग्रुपमध्ये आपण दुसऱ्यांच्या वेगाने चालतो, थंडीत घाम फुटतो तो त्यामुळेच. एकट्याला हळू चालता येतं. हे मला फार उशिरा कळलं.

लोकरीचा गुंडा : मी कधी चालत नाही, विणते फक्त. मूळ लेखिकेला, उजवा मोजा विणून पाठवू का? डाव्याचा फोटो टाका पट्टी शेजारी ठेवून. दोन्हींना दोरी जोडून देते, बाहीतून आरपार घालायची, लहान मुलांच्या असते तशी. मग उडणार नाही.

— मूळ लेखिका : सगळ्यांचं वाचतेय, उत्तरं रात्री देते. अबोलीताई, तुम्ही जाणार असाल तर माझी झोपायच्या पायमोज्यांची कोरडी पिशवी तुम्हाला, ती कायम सॅकच्या तळाशी राहू द्या आणि दिवसा कितीही मोह झाला तरी उघडू नका, मी उघडली तशी वेळ आल्याशिवाय. आणि गुंडाताई, हो, हो, पाठवा! फोटो टाकते. राखाडी आहे, अंगठा जरा विरलाय. मनगट चार बोटं लांब ठेवा, जॅकेटच्या बाहीत आतपर्यंत गेलं पाहिजे.