हिमस्खलनात शोध कुत्र्याने घ्यावा की माणसाने?

प्रश्न
माझा मुलगा मे महिन्यात उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी जाणार आहे. बर्फाखाली गाडलेला माणूस कुत्र्याला माणसांपेक्षा लवकर सापडत असेल, तर प्रत्येक तुकडीसोबत कुत्रा का नसतो?

उत्तर १
कुत्र्याचे नाक उजवेच आहे. अंगाचा वास बर्फातल्या पोकळ्यांतून वर झिरपतो, आणि एक हेक्टर भाग प्रशिक्षित कुत्रा साधारण अर्ध्या तासात हुंगून काढतो. वीस माणसांना ओळीने सळया खुपसत तेवढ्याच भागासाठी सुमारे चार तास लागतात. मात्र गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या 15 मिनिटांनंतर झपाट्याने ओसरते आणि कुत्रा खालच्या तळावरून यायचा असतो. त्या वेळात पोहोचणारे फक्त बरोबरचे सोबती, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्‌झचा बीकन (रेडिओ संकेत पाठवणारे आणि पकडणारे छोटे यंत्र) आणि पाठीवर सळई व फावडे हवे.

उत्तर २
सरावात आम्ही बीकन घातलेली सॅक मीटरभर खोल पुरली होती. बीकनने जागा चार मिनिटांत सापडली, सळईला मऊसर अडथळाही लागला, पण खणायलाच पाऊण तास गेला, कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळून बसतो. कुत्रा जागा दाखवेल, माणसाला वर काढायला फावडेच लागते. शिवाय कुत्रा येणार असेल, तर त्या जागेवर खाणे, थुंकणे, लघवी करणे कटाक्षाने टाळावे. परक्या वासांनी त्याचा माग बिघडतो.

उत्तर ३
वरील मत मान्य आहे, पण पहिली मिनिटे उलटली म्हणजे कुत्र्याचे काम संपले, असे कृपया समजू नये. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमध्ये सुमारे 19,600 फुटांवर दहा जवान गाडले गेले, तेव्हा डॉट आणि मिशा ही कुत्री शोधात होती आणि जवान यंत्रांनी टणक बर्फ कापत होते. सहाव्या दिवशी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. 11 फेब्रुवारीला दिल्लीतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ती बातमी ऐकताना आमच्या घरात कोणी जेवले नव्हते. ज्यांच्याजवळ बीकन नसतो, अशा मजूर, मेंढपाळ आणि यात्रेकरूंसाठी तर कुत्र्याचे नाक हाच मोठा आधार असतो.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला बीकन देतात का आणि त्याचा सराव किती दिवस घेतात, हे आज संस्थेला पत्राने विचारते.