बाइकचा मागचा टायर मधोमधच का झिजतो?

‘१२ हजार किलोमीटरमध्येच मागचा टायर गेला, मालच खराब’ अशी एकाची तक्रार आहे. पण घासलाय कुठे, ते आधी बघा की राव! माझं रोजचं सातारा-शिरवळ. खंबाटकी घाट सोडला तर गाडी सरळच पळते, म्हणून मधला पट्टा पाटासारखा सपाट आणि कडेचे, नव्या टायरवर असतात ते रबरी केस अजून शाबूत. असा टायर यवतेश्वर घाटाच्या वळणात गाडी झुकवली की एकदम कलंडल्यासारखा वाटतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर बहुधा हवा कमी होती समजा; हवा टायर गार असतानाच बघायची. आणि सुट्या खडीवर ॲक्सिलरेटर पिळून चाक फिरवायची हौस? आमच्या धाकट्याच्या टायरचे त्यानं अक्षरशः टवके उडालेत.